मला दसऱ्याला चकाकवले

मी एक जुने लाकडी बदक आहे. खरी बदके भुलून खाली उतरावीत म्हणून शिकारी मला पाण्यावर सोडत. जर्मनीत आम्हांला लॉकएन्टे म्हणतात.

मित्रांनो, हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यात, १९६१ साली, त्साइट्लर नावाच्या शिकाऱ्याने मला कोरले. पोटाखाली शिसे ठोकले, म्हणजे मी वाऱ्यात कलंडू नये. रंग दिला तो बिनचकाकीचा. दर सप्टेंबरात तो मला राख चोळी. ओल्या पाठीवर ऊन चमकले की बदके बिचकतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. शिकार संपली की मारलेले पक्षी फांद्यांवर ओळीने मांडत, टोप्या काढून मानवंदनेचे शिंग वाजवत. मला मात्र त्यांतला एकही पक्षी मेलेला पाहवत नसे. त्साइट्लर गेला आणि मी कोठारात वीस वर्षे पडून राहिले.

२०१४च्या सप्टेंबरात शिरीष नावाचा पुण्याचा इंजिनिअर मला न्यायला आला. त्याचे वडील उल्हासराव तीन महिन्यांसाठी आले होते. उजनीच्या पाण्यावर त्यांनी तीस हिवाळे बदके पाहिली होती. आता काचबिंदूने नजर चालली होती. पंधरा पावलांपलीकडचे सारे धूसर. या हिवाळ्यातच उरलेली नजरही जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक एकदा जवळून पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा. त्साइट्लरच्या बायकोने तळ्यावर बसायची परवानगी दिली आणि मला कसे वापरायचे तेही सांगितले. तिच्या गावंढळ जर्मनमधले अर्धे शिरीषला कळले नाही. तरी तो मान डोलावत राहिला, “जा, जा, गेनाऊ!” म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर!’

त्या वर्षी दसरा तीन ऑक्टोबरला, इथल्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी आला. शिरीषने स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप आणि मला पाटावर मांडले.

“अहो शस्त्रपूजक, बदकाला कशाला?” त्याची बायको मालिनी हसली.

“शिकारीचं हत्यारच आहे ते! जरा रया आणतो.”

त्याने मला घासले, वर वॉर्निशचे दोन हात दिले. मी आरशासारखे चमकू लागले. ओरडावेसे वाटले, पण लाकडी चोचीतून काय निघणार?

नोव्हेंबरचे चार रविवार आम्ही तळ्यावर गेलो. चारही दिवस लख्ख ऊन. तलवार बदके येत, घिरट्या घालत, पंख ताणून उतरू लागत आणि माझी पाठ चमकताच वळून जात.

“आली का रे?” उल्हासराव विचारत.

“आली होती, बाबा. गेली.”

“काहीतरी चुकतंय बघ आपलं. विचार ना त्या बाईंना.”

“परत कुठे त्रास द्यायचा त्यांना!”

चौथ्या रविवारी उल्हासराव दुपारीच घरी परतायला निघाले. पंचवीस तारखेला ते विमानात बसले.

डिसेंबरात शिरीष मला परत द्यायला गेला. म्हातारीने कपाळावर हात मारला. “राख चोळ म्हटलं होतं ना मी? तूच म्हणालास, गेनाऊ!” तिने त्याच्या हाती सॅंडपेपर दिला. एका दुपारात माझी चकाकी गेली.

पुढच्याच रविवारी शिरीषने मला पुन्हा तळ्यावर सोडले आणि आठ तलवार बदके माझ्याभोवती उतरली. शिरीषपासून दहा पावलांवर. त्याने घाईने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

“बाबा, दिसतायत?”

“आता नुसता उजेड दिसतो रे.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला सजवण्याआधी तिचे काम समजून घ्या. कळले नसेल तर पुन्हा विचारा. विचारायला एक मिनिट लागते. इथे त्या एका मिनिटापायी चार रविवार गेले आणि उरलेली नजर रिकाम्या आभाळाकडे पाहण्यात खर्ची पडली.

शिरीषने फोन तोंडाजवळ धरला. “बाबा, नराची मान पांढरी आहे,” तो कुजबुजला. “शेपटी पाण्यातून वर…”

“थांब,” उल्हासराव म्हणाले. “हळू सांग.”