साडूची केबल

"ही केबल? ही तर बुटाची नाडी आहे, मामा!"

थोरल्या जावयाने केबलचं टोक सासऱ्यांपुढे धरलं, मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तसं.

सासऱ्यांची लाकूड कापायची गिरणी होती. नवी मोटर बसली होती पार मागच्या शेडमध्ये, आणि तिथवर केबल ओढली होती धाकट्या जावयाने. दोघेही वायरमन. धाकटा घरात येईपर्यंत थोरल्याला विचारल्याशिवाय गिरणीतलं साधं बटणही कुणी बदलत नसे. यंदा मात्र मोटर आल्याचं त्याला बायकोकडून कळलं, आणि तेही ती भाजी निवडता निवडता बोलून गेली म्हणून. तेव्हापासून त्याच्या पोटात अशी आग पडली, की गल्लीतला इस्त्रीवाला म्हणे त्याच्याशेजारी बसूनच इस्त्री तापवून घ्यायचा. आता इस्त्रीवाला कशाला खोटं बोलेल?

"सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते," थोरला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याला या नाडीच्या रेझिस्टन्सने गुणा. शंभरावर व्होल्ट वाटेतच खलास! मोटर नुसती हुं हुं करील आणि बसेल."

"साडूभाऊ, पण सुरू होताना करंट व्होल्टेजच्या खूप मागे असतो ना," धाकटा हळूच म्हणाला. "पॉवर फॅक्टर अगदी खाली. मग ते शंभर सरळ वजा होत नाहीत. त्या पॉवर फॅक्टरने गुणलं की चाळिसाच्या आसपास येतात. रिअॅक्टन्सचे, म्हणजे केबलच्या त्या दुसऱ्या अडथळ्याचे, दोन-तीन व्होल्टही मी त्यातच धरलेत."

"मागे असतो म्हणजे? करंट काय बायकोबरोबर साड्या घ्यायला निघालाय?"

गडी खो खो हसले. थोरल्याला जरा थंड वाटलं.

"अहो, पुरे की," बायको कुजबुजली. "माझ्या बहिणीचं तोंड बघा, आता रडेल ती."

"रडू दे."

त्याला एवढंच हवं होतं: मोटर बसावी, आणि 'थोरल्यांना विचारायला हवं होतं' असं मामांनी चारचौघांत म्हणावं.

सासऱ्यांनी बटण दाबलं. मोटर म्हणाली, "हुं." थोरल्याच्या मिशीखाली हसू फुटलं. दुसऱ्या हुंची वाट बघतोय तोवर पट्टा फिरला, पातं गाऊ लागलं, ओंडका चिरत गेला आणि भुशाचा लोट थेट त्याच्या उघड्या तोंडात शिरला.

"वा, जावईबापू!" सासऱ्यांनी धाकट्याची पाठ थोपटली. "आता गिरणीचं सगळं तुम्हीच बघायचं बरं का."

भुसा केव्हाच संपला होता, तरी थोरला कोपऱ्यात थुंकतच राहिला.

सासूबाईंना माणसं कळत. त्या जवळ आल्या. "थोरले जावईबापू, मोरीतला दिवा लागत नाही हो. तेवढं बघता?"

मोरी शेडला लागूनच. दिवाही शेडच्या बोर्डावरूनच घेतलेला, म्हणजे धाकट्याच्याच केबलवर. थोरला स्टुलावर चढला. बल्ब नुसता सैल झाला होता. एक पीळ दिला आणि तो लागला. काम संपलं, तरी त्याला खाली उतरावंसं वाटेना.

बाहेर शेजारीपाजारी जमले होते. त्यांना दाखवायला मोटर बंद करून पुन्हा सुरू केली. थोरल्याने डोळे दिव्यावर रोखले. विझ, मेल्या, विझ! दिवा पिवळा पडला, क्षणभर पेंगला आणि सावरला. धाकटा म्हणाला होता त्या चाळीस व्होल्टांएवढाच, त्याहून जराही जास्त नाही.

"अगंबाई, कमी झाला ना हो?" खालून सासूबाईंनी विचारलं. "काही चुकलंय का धाकट्यांचं? यांना सांगू का?"

बाहेर सासरे धाकट्याला हाक मारत होते. थोरल्याने ती हाक पुरी ऐकून घेतली.

"तेवढा होणारच, मामी," तो म्हणाला. "मोठी मोटर आहे. केबल बरोबर टाकलीय त्यांनी."

मग खिशातून रुमाल काढून तो पेटलेला बल्ब पुसू लागला.