पॉटर्स संघाची गोधडी

ओहायो नदीकाठच्या कॉर्निश फेरी गावात पॉटर्सचं वेड असलेला आता एकच माणूस उरला होता, तो म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला वेंडेल हुत्निक. पॉटर्स हा गावाचा बेसबॉल संघ. गाव कपबशांच्या कारखान्यांचं, म्हणून संघही कुंभारांचा. मोठ्या शहरांतल्या संघांच्या हा खिजगणतीतही नव्हता. खडखडत्या बसमधून गावोगाव जायचा, निम्मे सामने हरून यायचा, पण गावाचा जीव त्याच्यात अडकलेला. वेंडेल लहान असतानाच संघ मोडला. खेळाडू पांगले, प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या सरपणाला गेल्या आणि मैदानावर वाणसामानाचं भलंमोठं दुकान उभं राहिलं.

वेंडेलनं चाळिशीत या संघाच्या वस्तू जमवायला घेतल्या, आणि वय साठीला आलं तरी जमवतच होता. तळघरात त्यानं काचेची कपाटं करून घेतली होती. फेल्टची त्रिकोणी निशाणं, अर्धी फाडलेली तिकिटं, घामानं कड काळी पडलेली एक टोपी, मैदानातली एक खुर्ची, धावफलकावरचा पत्र्याचा चारचा आकडा. कशालाही हात लावायचा तर आधी पांढरे सुती हातमोजे चढवायचे, हा नियम.

"माझ्या आजीच्या कपबश्या तू नळाखाली धडाधडा विसळतोस," त्याची बायको मार्व्हा म्हणायची, "आणि त्या मळक्या टोपीपुढे मात्र चर्चमध्ये उभा असल्यासारखा उभा राहतोस."

वेंडेल हसून सोडून द्यायचा. कारण सांगणं त्याला कधी जमलं नाही. त्याचे वडील, स्टीव्ह हुत्निक, कारखान्यात भट्टीवर होते. स्लोव्हाकियातल्या खेड्यातून लहानपणी आलेले. घरात तोंडातून शब्द काढायचा नाही. मीठ हवं असलं तरी मिठाकडे बोट दाखवणारा माणूस. पण पॉटर्सच्या मैदानावर, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसले की त्यांना कंठ फुटायचा. उभे राहून असे ओरडायचे की शेजारी बसलेल्या वेंडेलच्या छातीत धडधडायचं. संघ मोडला आणि तो आवाज बंद झाला. पुढची वीस वर्षं ते जेवले, झोपले, भट्टीवर गेले, आणि एक दिवस तसेच न बोलता गेले.

आता इतकं सगळं जमलं तरी एक गोष्ट वेंडेलला मिळत नव्हती. जर्सी. करड्या लोकरीची, छातीवर लाल अक्षरांत 'पॉटर्स' लिहिलेली. एकही जर्सी कुठल्या लिलावात आली नाही, कुणाच्या माळ्यावर निघाली नाही. संघाचे सगळे कपडे जणू जमिनीनं गिळले होते. त्यातही त्याला हवी होती सात नंबरची, बझ हॅलोरनची. बझनं चेंडू कुंपणापार टोलवला की वडील वेंडेलला उचलून खांद्यावर घ्यायचे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मार्व्हानं त्याला टेकडीवरच्या बागेतून सफरचंदं आणायला पाठवलं. रात्री पहिलं हिव पडलं होतं. वळणावरच्या एका घरापुढे टोमॅटोच्या रोपांवर चादरी, टॉवेल, गोण्या असं मिळेल ते पांघरलेलं. त्यांतल्या एका करड्या गोधडीच्या कोपऱ्यावर लाल 'पी' होता. त्याच्या शेजारी अर्धा 'टी'. वेंडेलनं करकचून ब्रेक मारला.

कुंपण ओलांडून तो रोपांपाशी पोचला आणि मटकन गुडघ्यांवर बसला. बाह्यांचे तुकडे, छात्या, पाठी, आकडे, सगळं कापून चौकोनाला चौकोन जोडलेलं. दोन, अकरा, नऊ. वाफ्यातल्या मातीत लोळणाऱ्या कडेला सात.

"काय हो, टोमॅटो हवेत तर विचारून घ्या की!" दारातून आवाज आला. सत्तरीकडे झुकलेली, काटक बाई होती. अंगात पुरुषी कोट, हातात कॉफीचा मग.

"टोमॅटो नकोत मला. ही गोधडी..."

"तिचं काय?"

"तुम्ही ती टोमॅटोवर घातलीय!"

"मग? हिव पडलं, चादरी संपल्या. टोमॅटोंनी तक्रार केली नाही, तुमचं काय दुखतंय?"

वेंडेलनं आपलं काय दुखतंय ते सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग त्याच्या ओल्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "आत या. थंडीनं मराल आणि माझ्याच दारात मराल."

त्यांचं नाव झेल्मा प्रुइट. त्यांची आई संघाचे कपडे धुवायची. मोसम संपला, संघ मोडला, आणि धुतलेल्या जर्सींची दोन गाठोडी त्यांच्याच घरी राहिली. न्यायला कुणी आलं नाही. हिवाळा कडक होता, घरात पाच पोरं. आईनं कात्री घेतली.

"कापल्या!" वेंडेल कळवळला. "सगळ्या?"

"अख्ख्या ठेवून काय करायचं होतं? आम्ही पाच जणांनी कुंभारांकडून बेसबॉल खेळायचं?"

त्यानं गोधडी मागितली. झेल्माबाईंनी नाही म्हटलं. बदल्यात नवीन पिसांची रजई देतो म्हणाला. तरी नाही. "जानेवारीत मी हिच्याखाली झोपते. तुम्हाला बघायचीय ना? बघायला या. नेण्याची भाषा नको."

घरी गेल्यावर मार्व्हानं विचारलं, "सफरचंदं?" वेंडेल विसरला होता.

पुढच्या गुरुवारी तो तळघरातले जुने फोटो घेऊन टेकडीवर गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. झेल्माबाई फोटो बोटांनीच उचलायच्या, कॉफीच्या मगाला टेकवून ठेवायच्या. पहिल्यांदा वेंडेलनं फोटो हळूच ओढून घेतला. मग सवय झाली. त्याला बझ हॅलोरननं कोणत्या वर्षी किती धावा काढल्या ते पाठ होतं. झेल्माबाईंनी बझला आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. जर्सीचं बटण लावून घ्यायला यायचा आणि आईनं भाजलेला अर्धा ॲपल पाय संपवून जायचा. घरची आठवण आली की त्याला भूक लागायची.

"ढग गडगडले की टेबलाखाली बघायचा," त्या म्हणाल्या. "एवढा धिप्पाड गडी. आई म्हणायची, जा बाबा, जा खाली, कुणी बघत नाही."

"बझ हॅलोरन? विजांना घाबरायचा?"

"तू काय समजलास, ते फोटोत उभे राहूनच जन्मले?"

आता त्या त्याला अरे-तुरे करायला लागल्या होत्या. वेंडेलला ते आवडलं.

नोव्हेंबरात एकदा बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. गोधडी दोघांच्या मांडीवर पसरलेली होती आणि झेल्माबाई एक उसवलेली कड शिवत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि तो भोंगा. त्याला कसं विसरले मी?"

"कुठला भोंगा? कारखान्याचा?"

"कारखान्याचा नाही रे, माणूस. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, खेळाडू त्याला भोंगा म्हणायचे. तिसऱ्या बेसकडे बसायचा. असा ओरडायचा की मैदान दणाणायचं. काहीतरी परक्या भाषेतलं. पोमे, पोमे, असं काहीसं. बझ आमच्या स्वयंपाकघरात त्याची नक्कल करायचा. हरून आले की म्हणायचा, आज भोंगा रात्रपाळीला होता, म्हणून घात झाला. एकदा तर पहिल्या चेंडूआधी सगळे वळून बघत होते म्हणे, भोंगा आलाय का म्हणून."

 वेंडेलच्या हातातली गोधडीची कड चुरगळली गेली होती.

"पोद्मे," तो शेवटी म्हणाला.  "पोमे नाही. पोद्मे. म्हणजे चला. चला, पुढे."

झेल्माबाईंची सुई थांबली.

"ते माझे वडील होते."

"भोंगा तुझा बाप?"

"घरी बोलायचेच नाहीत. मला वाटायचं, तो आवाज मी एकट्यानंच ऐकला. मोठेपणी तर वाटायला लागलं, आपल्या मनाचेच खेळ असतील."

"मनाचे खेळ!" झेल्माबाई म्हणाल्या. "अरे, दोन गल्ल्यांपलीकडे आमच्या अंगणात ऐकू यायचा. आई कपडे वाळत घालता घालता म्हणायची, ऐका, काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय."

साठीला टेकलेला वेंडेल त्या परक्या बाईच्या सोफ्यावर रडला. झेल्माबाईंनी त्याला रडू दिलं. मग हात पुसून, सुई दोऱ्यासकट खोचून त्यांनी लहान कात्री उचलली आणि कडेच्या चौकोनाचे टाके उसवायला लागल्या.

"अहो, काय करताय! मिसेस प्रुइट, नको!"

"गप बस. सात घेऊन जा."

"गोधडी बिघडेल!"

"गोधडी बिघडत नसते, वेंडेल. ठिगळ लावायचं असतं. मात्र भोक उघडं ठेवून मी झोपणार नाही. तुझ्याकडचं काहीतरी आण तिथे लावायला. जाड आण."

वेंडेल सात घेऊन घरी आला. पन्नास वर्षांच्या झोपेनं मऊ पडलेला, कापूर आणि लाकडाच्या धुराचा वास असलेला लोकरीचा तुकडा. त्यानं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. मार्व्हानं हातमोज्यांशिवाय उचलला, तरी तो काही म्हणाला नाही. भोंग्याची गोष्ट मात्र त्यानं तिला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना तो उभा राहिला आणि स्वयंपाकघरात जोरात ओरडून दाखवलं. शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तीस वर्षांत तुझा एवढा आवाज पहिल्यांदाच ऐकला," मार्व्हा म्हणाली. मग वर गेली आणि कपाटाच्या तळातून सासऱ्यांचा लाल-काळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट घेऊन आली. ते गेल्यावर तो कुणालाच टाकवला नव्हता. "हा जाड आहे," ती म्हणाली.

शर्ट झेल्माबाईंच्या हातात देताना वेंडेलला वाटलं होतं, कात्री लागली की आपल्याला बघवणार नाही. पण त्यानं बघितलं. त्यांनी पाठीचा चौकोन काढला, कडा दुमडल्या आणि दिवेलागणीपर्यंत शिवून टाकला. सगळ्या करड्या कापडात तो एकटा तांबडा-काळा चौकोन लांबूनही दिसत होता. संघात खेळाडू म्हणून कधी न उतरलेला माणूस आता दोन आणि अकराच्या मधोमध जाऊन बसला होता.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला मार्व्हानं झेल्माबाईंना जेवायला बोलावलं. जेवणानंतर त्या तळघरात उतरल्या, एकेक वस्तू उघड्या हातांनी चाचपून पाहिली, खुर्चीवर बसून बघितली, टोपी डोक्यावर चढवली आणि आरशात पाहून म्हणाल्या, "दर आठवड्याला आई ही चुन्यासारखी पांढरी करून द्यायची, आणि गाढवांनी काय अवस्था केलीय बघ." वेंडेल खो खो हसला.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, नदीच्या कडेला बर्फ धरला. एका सकाळी दुकानातला फोन वाजला.

"वेंडेल, एक सांगायचं होतं," झेल्माबाई म्हणाल्या. "गोधडी फिरवून घेतली मी. ते ठिगळ आता मानेपाशी येतं."

"मग? बरं वाटतं ना?"

"बाकी सगळा संघ टोचतो रे, पन्नास वर्षं टोचतोय. तुझा बाप तेवढा टोचत नाही."

पुढे गिऱ्हाईक उभं होतं, खिळे मागत होतं. वेंडेलनं त्याला हातानंच थांबवलं, पाठ फिरवली आणि म्हणाला, "गुरुवारी येतो. ॲपल पाय करून ठेवा."