खिरबत रुम्मान

टोरोंटोच्या आमच्या ऑफिसात नकाशे बनतात. कुठे रस्ता, कुठे वस्ती, हे आम्ही लोकांच्या फोनला सांगतो. २०१७च्या हिवाळ्यात नागपूरच्या निहारला एक नियम सुचला. अरबीत ‘खिरबत’ म्हणजे पडकं, ओसाड ठिकाण. तेव्हा ज्या गावाच्या नावात खिरबत, ते अवशेष. एका झटक्यात शेकडो नांदती गावं नकाशावरून गेली.

“चित्राताई, मी मीनिंग चेक केलं होतं,” तो म्हणाला.

“आणि वडगावात वड नसला तर वडगावही डिलीट करशील का रे?”

निस्तरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

एकेका गावाचा उपग्रहातून घेतलेला फोटो उघडायचा. छपरं दिसली, छपरांवर पाण्याच्या टाक्या दिसल्या, की गाव परत ठेवायचं. डोळे चुरचुरायचे, मान अवघडायची. लोकांनी पडक्या भिंतींशेजारी घरं बांधली, संसार थाटले, नाव तेवढं जुनंच राहू दिलं. आम्हाला उंटावरून शेळ्या हाकायला कुणी सांगितलं होतं?

एका दुपारी शेजारच्या टेबलावरची सलमा खुर्ची ओढून जवळ बसली. सीरियातून आलेली, एरवी कामापुरतंच बोलणारी.

“माझं गाव बघतेस? खिरबत रुम्मान. रुम्मान म्हणजे डाळिंब.”

मी उत्साहाने फोटो उघडला आणि पस्तावले. कुठेच छप्पर नव्हतं. नुसत्या भिंती उभ्या होत्या, तीही युद्धाची मेहरबानी. स्क्रीन वळवावीशी वाटली, पण तिने पाहिलं होतं.

“तुमच्या नियमाने हे काय?” तिने विचारलं.

“अवशेष.” शब्द तोंडातून गेला आणि मला माझाच राग आला.

ती फोटोवर वाकली. “पणजोबा इथे आले तेव्हाही असंच होतं. ‘खिरबत’ हे नाव तेव्हाचंच. मग त्यांनी डाळिंबं लावली.” तिने एका भिंतीवर बोट ठेवलं. “हे आमचं स्वयंपाकघर.”

मला फार थकवा आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. मी ‘गाव’ निवडलं. कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे विचारलं, पुरावा काय?

मी लिहिलं, ‘रहिवाशाने घर ओळखलं.’

सलमाने ते वाचलं. मग बराच वेळ ती तिथून उठलीच नाही.