काठ्या कुणाकडे?

मी एक जुना नारिंगी तंबू आहे, मित्रांनो. ‘आहे’ म्हणावं की ‘होतो’ म्हणावं, हे मलाही नक्की सांगता येत नाही. आत्ता मी एका मुलीच्या सॅकच्या तळाशी दाबून बसलो आहे. बाहेर पठारावर ढग उतरायला लागले आहेत. मला जे सांगायचं आहे ते लवकर सांगायला हवं.

मला लॉर्नाने शिवलं. बोगाँगच्या पठाराखालच्या दरीत एक लहान गाव आहे. तिथे तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, शिवणयंत्राच्या सुईखाली मी जन्मलो. तिचा नवरा क्लेम जवळच्या वीजकेंद्रात फिटर होता. त्याला हिरवा तंबू हवा होता.

“हिरवा झाडीत मिसळून जातो, बरा दिसतो,” तो म्हणाला.

“लपायचंच असेल तर पलंगाखाली बस की,” लॉर्ना म्हणाली. “मला सापडायचं आहे. नारिंगीच करणार.”

तिने माझी प्रत्येक शिवण दुहेरी घातली. शिवणीवर मेण चोळलं. क्लेमने कामावरून सुटल्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून माझ्या काठ्या केल्या. एकीत एक बसावी म्हणून त्यांची टोकं कानशीने घासून घासून गुळगुळीत केली.

डोंगरात जाताना ते मला दोघांत वाटून घेत. भिजलं की कापड जड होतं, म्हणून ते क्लेमच्या सॅकमध्ये. काठ्या आणि खुंट्या लॉर्नाच्या सॅकमध्ये. तिने शिवलेलं तो वाहायचा, त्याने घडवलेलं ती वाहायची. आमच्याकडे डोंगरात फिरणारी जोडपी सगळी असंच करतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

चढ सुरू होतो तिथे गाडी लावली की क्लेम दरवेळी विचारायचा, “काठ्या कुणाकडे?”

“माझ्याकडे. कापड कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“मग आज भांडायचं नाही. भांडलास तर उघड्यावर झोपशील.”

“आणि तू काय, काठ्या पांघरून झोपशील?”

हे एवढं बोलून झाल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे.

ती माझी चांगली वर्षं होती. गावच्या डोंगरभटक्यांच्या क्लबात नवीन माणसं आली की त्यांना शिकवायला हीच दोघं पुढे असत. उन्हाळा असला तरी लोकरीची टोपी आणि रेनकोट सॅकमध्ये हवाच, असं क्लेम सांगायचा. आदल्या रात्री हवामान बघायचं, सकाळी पुन्हा बघायचं, आणि शंका आली तर मागे फिरायचं. शिखर कुठे जात नाही. मागे फिरताना ज्याचं तोंड पडेल त्याला लॉर्ना स्वतःच्या डब्यातलं ओटचं बिस्कीट द्यायची.

ती प्रेमळ होती, पण शेवाळाच्या दलदलीवर कुणी पाय ठेवला की तिचा आवाज चढायचा. एकदा एक धिप्पाड गडी चिखल चुकवायला वाटेच्या कडेने चालला होता.

“ए दादा, मधून चल!”

“बूट भरतील ना!”

“बूट घरी जाऊन धुता येतात. ते शेवाळ तुझ्या पणजोबाच्या आधीपासून वाढतंय, ते पुन्हा कुठून आणशील?”

तो मुकाट चिखलातून चालला आणि मग सगळेच चिखलातून चालले. मलाही त्यांनी कधी ओलसर जमिनीवर उभं केलं नाही. ओढ्यापासून दूर, कठीण जागा बघून लावायचे. सकाळी मला काढलं की लॉर्ना दबलेलं गवत हाताने उभं करायची. आम्ही तिथे होतो हे कुणाला कळू नये, अशी तिची इच्छा असे. वादळात इतरांचे तंबू कोसळले की माणसं माझ्यात येऊन दाटीवाटीने बसत आणि माझी पाठ थोपटत. मला फार अभिमान वाटायचा.

निघण्यापूर्वी ते लॉर्नाच्या बहिणीला, ग्वेंडाला, सगळं सांगून जात. कुठून चढणार, कुठे मुक्काम, कुठून उतरणार, कधी परत.

“उद्या संध्याकाळी चहाला आला नाहीत तर पोलिसांना फोन करणार,” ग्वेंडा म्हणायची. “आणि केक मी एकटी खाणार.”

“केक खा. फोन मात्र नक्की कर,” लॉर्ना म्हणायची.

त्या एप्रिलमध्येही असंच बोलून ते निघाले. आमच्याकडे दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. दुसऱ्या दिवशी उशिरा हवा बिघडणार असा अंदाज होता. तोवर ते खाली उतरलेले असणार होते. एक मुक्काम छान झाला. सकाळी मला घडी घालून दोघांनी वाटून घेतलं आणि चालू लागले. हवेने त्यांची वाट पाहिली नाही. पठाराच्या मधोमध असतानाच वारा फिरला. आधी धुकं आलं, मग पाऊस, मग पावसात बर्फाचे कण. क्लेमचा पाय निसरड्या दगडावरून सटकला आणि गुडघा मुरगळला.

“इथेच तंबू टाकू या,” क्लेम म्हणाला.

“या वाऱ्यात उघड्या माळावर? फाटून जाईल. थोडं पुढे झाडं आहेत, आडोसा मिळेल.”

ती चुकीचं बोलत नव्हती.

पठारावर बर्फात वाट चुकू नये म्हणून उंच खांब रोवलेले आहेत. धुक्यात पुढचा खांब दिसला नाही तर एकाने आहे त्या खांबापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढचा शोधायचा. सापडला की हाक मारायची, मग पहिल्याने यायचं. क्लेमला लंगडत यावं लागत होतं, म्हणून लॉर्ना पुढे जात होती. धुक्यात सॅक पाठीवरून उतरवायची नाही हाही त्यांचाच नियम. ती सॅक घेऊन जात होती.

काही खांब असे झाले. मग एक खांब आलाच नाही. तो मोडून गवतात आडवा पडला होता. लॉर्ना त्याच्या शेजारून गेली आणि तिला तो दिसला नाही. आता येईल, मग येईल, म्हणत ती हाकेच्या पलीकडे गेली.

मित्रांनो, त्यांचे सगळे नियम बरोबर होते. फक्त मी दोघांत वाटलेला होतो, आणि याचा विचार कोणत्याच नियमात नव्हता.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी होतो. मला क्लेमही दिसत होता आणि लॉर्नाही. ती एका उंचवट्याच्या पलीकडे, बुटक्या वाकड्या निलगिरीच्या झाडांत होती. मला ठाऊक होतं. साऱ्या पठारावर फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

ती शिट्टी वाजवत होती. तीनदा वाजवायची, थांबायची, पुन्हा तीनदा. वारा ती शिट्टी उचलून भलत्याच दरीत टाकत होता. क्लेमही शिट्टी वाजवत होता. त्याची दुसऱ्या दरीत जात होती.

क्लेमने मला सॅकमधून ओढून काढलं. मला वाटलं, आता हा मला अंगाभोवती गुंडाळून घेईल. त्याचे ओठ निळे पडले होते. पण त्याने माझ्या दोऱ्या खांबाला बांधल्या आणि मला निशाणासारखं वाऱ्यावर सोडलं. तिला दिसावं म्हणून. दिसलं नाही तर निदान फडफड ऐकू यावी म्हणून. मी जीव खाऊन फडफडलो. माझी एक दुहेरी शिवण उसवली, तरी मी फडफडत राहिलो.

खांब सोडून शोधायला जावं की नाही, हे क्लेमला कळत नव्हतं. खांब दिसतो तिथवर तो लंगडत जायचा आणि परत यायचा. दुसऱ्या बाजूला जायचा आणि परत यायचा. एकदा ज्या बाजूला ती होती त्याच बाजूला गेला. मी ओरडायला पाहत होतो की आणखी जा, आणखी थोडं जा. पण खांब दिसेनासा व्हायला लागला आणि तो परत फिरला. त्याने तिला जे शिकवलं होतं तेच तो करत होता.

“लॉर्ना! हाक दे गं! नुसती हाक दे!”

मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं. तो पूर्ण ताकदीने ओरडला, “काठ्या कुणाकडे? लॉर्ना! काठ्या कुणाकडे?”

उंचवट्याच्या पलीकडे लॉर्नाने काठ्या बाहेर काढल्या होत्या. बोटं वळत नव्हती, तरी तिने एकीत एक बसवून त्यांची कमान केली. कमानीवर रेनकोट घालून आडोसा करायला गेली आणि वाऱ्याने रेनकोट हिसकावून नेला. मग तिने सगळ्या काठ्या जोडून एक लांब काठी केली, तिच्या टोकाला आपला लाल स्कार्फ बांधला आणि ती जमिनीत रोवली. भिजलेल्या स्लीपिंग बॅगेत शिरून तिने काठीला घट्ट धरलं.

क्लेमची हाक तिला ऐकू गेली नव्हती. तरी ती पुटपुटली, “माझ्याकडे आहेत रे. कापड कुणाकडे?”

एका टोकाला मी फडफडत होतो, दुसऱ्या टोकाला थरथरत होतो. मधलं अंतर असं होतं की निरभ्र दिवशी तिथून गप्पा मारता आल्या असत्या.

ग्वेंडाने चहाची वेळ टळताच फोन केला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शोधपथक वर आलं. कुठे शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून क्लेम वाचला. त्यांना दुरून आधी मी दिसलो. धुकं फाटलं तेव्हा त्यांतल्या एकाला उंचवट्यावरून लाल स्कार्फ दिसला.

लॉर्नाची मूठ माझ्या काठीभोवती होती. ती सोडवायला दोघांना बराच वेळ लागला.

“काठ्या होत्या की बाईंकडे,” त्यांतला नवखा म्हणाला. “मग तंबू का नाही लावला?”

“कापड नवऱ्याकडे आहे,” दुसरा म्हणाला.

नवख्याने काठ्या एकेक सोडवून आपल्या सॅकमध्ये घेतल्या.

मग मी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिलो. कापड एका डब्यात, काठ्या दाराआड. कापडाला बुरशी आली. क्लेम त्या खोलीत यायचा, दुसरंच काही उचलायचा आणि जायचा. माझ्याकडे बघायचा नाही.

एका दुपारी मात्र त्याने मला अंगणात उभं केलं. पुन्हा एकदा मी सबंध झालो. तो आत जाऊन बसला, अर्ध्याच जागेत. दुसरी अर्धी त्याने मोकळी सोडली होती. अंधार पडायला लागल्यावर ग्वेंडा आली.

“क्लेम, चहा ठेवलाय.”

ती तंबूच्या दाराशी खाली बसली.

“माझीही बहीण होती रे ती,” ग्वेंडा म्हणाली. “बाहेर ये. नाहीतर मला तरी आत घे.”

तो बाहेर आला. त्याच्या हातात कात्री होती.

“याच्या पिशव्या करायच्या,” तो म्हणाला. “माणूस गुडघे पोटाशी घेऊन आत मावेल आणि डोक्यावरून ओढून घेता येईल एवढ्या. काठ्या लागायला नकोत, खुंट्या नकोत, दुसरं माणूस नको.”

“शिवणार कोण? तुला बटण लावता येत नाही.”

“मग शिकव.”

मला कापलं तेव्हा दुखलं नाही, मित्रांनो. त्याच्या शिवणी वाकड्या होत्या. काही ठिकाणी त्याने तीनदा टाके घातले. मी संपल्यावर त्याने दुसरं नारिंगी कापड आणलं, पण माझी एक पिशवी तो मागे ठेवत आला होता.

आता तो म्हातारा झाला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी चढाच्या पायथ्याला गाड्यांपाशी उभा असतो आणि वर जाणाऱ्यांना या पिशव्या वाटतो. आज तिथे एक मुलगी आणि एक मुलगा सॅक भरत होते. तिचं नाव टॅमझिन, त्याचं रीस.

“काठ्या कुणाकडे?” क्लेमने विचारलं.

“माझ्याकडे,” टॅमझिन हसली. “आणि कापड याच्याकडे. म्हणजे हा मला सोडून पळणार नाही.”

 क्लेमने पिशव्यांच्या थैलीत हात घातला. आज त्यात मी एकटाच उरलो होतो.

“ही घे.”

“आजोबा, उगाच वजन. तंबूसुद्धा नुसता सरावाला घेतलाय, संध्याकाळी परत येतोय आम्ही,” रीस म्हणाला.

“कुणाला सांगून आलात?”

“वर जाऊन आईला मेसेज टाकतो ना.”

“वरून मेसेज जात नाहीत. आत्ता टाक. माझ्यासमोर.” मग तो टॅमझिनकडे वळला. “आणि पोरी, तू ही घे. कापडवाला कापड पांघरेल. काठ्या नेणाऱ्याकडे काय असतं?”

रीसने मेसेज टाकला. टॅमझिनने म्हाताऱ्याचं मन राखायला मला घेतलं आणि सॅकच्या तळाशी कोंबलं. क्लेम अजून तिथेच बसला असेल. त्यांची गाडी निघेपर्यंत तो घरी जायचा नाही.

मित्रांनो, तुम्ही कुठल्याही डोंगरात जा, पण जाण्यापूर्वी घरी नीट सांगून जा. मागे फिरायला लाजू नका. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी डबा वाटून घ्या, पाणी वाटून घ्या, डोक्यावरचं छप्पर मात्र वाटून घेऊ नका. प्रत्येकाच्या पाठीवर आपलं आपलं, सबंध असू द्या. माझी एवढी एकच विनवणी आहे. ती मी त्या दिवशी कुणाकडे करू शकलो नाही.

वारा फिरला आहे. टॅमझिन नुकतीच म्हणाली, “तू या खांबापाशी थांब, मी पुढचा बघून येते.” तिची पावलं मोजायचं धैर्य मला नाही. रीसची हाक येत होती, आता येत नाही. ती थांबली आहे. सॅक खाली ठेवली आहे. सॅकची चेन उघडली आहे.

“ती म्हाताऱ्याची पिशवी कुठे टाकली मी?”

तिचा हात आत आला आहे. पाण्याची बाटली चाचपतोय, पाव चाचपतोय, काठ्यांपाशी थांबलाय.

तळाशी आहे, पोरी. आणखी खाली हात घाल.