चार गप्पी आणि पेलाभर पाणी

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. लांबीला दीड हात, उंचीला एक वीत आणि वर चार बोटे. एका दुकानाची दर्शनी काच फुटली, तिच्या उरलेल्या तुकड्यांतून एका कारागिराने मला जोडले. तीन दिवस पाणी भरून त्याने माझी परीक्षा घेतली. थेंबही गळला नाही. "ही दगा देणार नाही," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली तेवढीच शाबासकी मी आजवर जपून ठेवली आहे.

मासे विकणाऱ्याच्या दुकानात मी बरेच दिवस रिकामी पडून होते. एके दिवशी एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. दिवसभर ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. समोर काहीतरी हलते असावे, एवढीच मुलाची इच्छा होती. त्यांनी सोनमासे मागितले, पण कमी कटकटीचे.

दुकानदार हसला. "एवढ्याशा टाकीत सोनमासा कोंबू नका. तो खातो फार आणि घाण त्याहून फार करतो. चार गप्पी न्या. सगळे नरच न्या, नाहीतर महिनाभरात घरात पाळणाघर निघेल. यांचं फार काही करावं लागत नाही." मग त्याने पुढचेही सांगितले. दिवसातून एकदाच चिमूटभर खाणे घालायचे आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे. पण गृहस्थांच्या कानात 'फार काही करावं लागत नाही' एवढेच घर करून राहिले.

घरात सगळे त्या वडिलांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. बाबांनी तीस वर्षे पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात काढली होती. पाण्याने भरलेली काचनळी उजेडाकडे धरून ते पाण्याची नाडी ओळखत. मला त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवले, तेव्हा त्यांनी डावी तर्जनी माझ्या काचेवर टेकवली आणि एका निळ्या शेपटीमागे फिरवली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

मग लाड सुरू झाले. सकाळी सूनबाई चिमूट टाकत, संध्याकाळी मुलगा टाके, आणि आलागेला पाहुणाही हात सैल सोडी. उरलेले खाणे तळाशी कुजू लागले. पाणी पिवळट झाले, त्याला वास येऊ लागला. गप्पी वर येऊन तोंडे उघडू लागले. त्यांचा जीव गुदमरत होता, मित्रांनो. मुलगा कौतुकाने म्हणाला, "बघा बाबा, कसे तोंड वर करून मागताहेत!" आणि त्याने आणखी एक चिमूट टाकली.

बाबांना सगळे कळत होते. सगळा जोर एकवटून त्यांच्या तोंडून एकच अक्षर निघे, "पा...". ते ऐकून सूनबाई शिलाई मशीन थांबवून धावत येत आणि पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावत. माउलीने एकदाही हयगय केली नाही. बाबा मान फिरवत. पाणी हनुवटीवरून ओघळे, त्या पदराने टिपत आणि पुन्हा मशीनवर बसत. मी मधे उभी होते. माझ्यातून आरपार दिसते, पण माझ्यातून शब्द निघत नाही.

पहिला गप्पी गेला, तेव्हा 'त्याचं आयुष्यच तेवढं' असे ठरले. दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी बाबा रडले. मुलाला वाटले, आजाराने मन हळवे झाले आहे.

उरला तो निळ्या शेपटीचा. एका दुपारी तो कलंडून तरंगू लागला. "पा," बाबा म्हणाले. सूनबाईंनी पेला आणला. या वेळी बाबांनी तो डाव्या हाताने हिसकावून घेतला आणि माझ्यावर उपडा केला. निम्मे पाणी माझ्यात पडले, निम्मे मेजावर. शिवायला घेतलेल्या नव्या झग्यावर शिंतोडे उडाले. "बाबा, हे काय आता?" सूनबाई वैतागल्या. बाबांनी तर्जनी माझ्या काचेवर दाबून धरली. "पा."

सूनबाई थबकल्या. खाली वाकून त्यांनी पहिल्यांदाच माझा वास घेतला. मग त्या जमिनीवरच बसल्या, आणि उठल्या त्या माझे घाण पाणी बदलायलाच.

निळा वाचला. तिघे मात्र परत आले नाहीत आणि बाबांची वाचाही आली नाही. कमी काळजीचा जीव जरूर निवडा, मित्रांनो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि लाड करण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा नीट बघा. माझी विनंती एवढीच आहे.

आताही रोज मशीन थांबते. सूनबाई पेला घेऊन येतात, पण तो ओठाला लावत नाहीत. आधी विचारतात, "बाबा, तुम्हाला की त्याला?"