कोल्ड रूममधली डुलकी

मिस्तरींना दुपारची झोप जिवापाड प्यारी होती, आणि उन्हाळ्यात ती सुखाने लागेल अशी जागा त्यांच्या माहितीत एकच होती: बायकोच्या फुलांच्या दुकानामागची कोल्ड रूम. बायको पुढे गिऱ्हाइकांत गुंतली, की हे मागच्या दाराने आत शिरत, गुलाबांच्या बादल्यांमागे रिकामे खोके जोडून आडवे होत आणि रजई गळ्यापर्यंत ओढत. दार पूर्ण लावलं तर आत काळोख होई, आणि जन्मभर विजेची उपकरणं दुरुस्त केलेल्या या माणसाला काळोखाची भीती वाटे. म्हणून ते दारात चप्पल अडकवून फट ठेवत. हे आपलं आपल्यातच राहू द्या.

फटीतून गरम वारा आत येई आणि गुलाबांच्या कडा काळ्या पडत.

"अहो, गारव्याचं मशीन दुपारचं दमतंय वाटतं," बायको एक दिवस म्हणाली. "तुम्ही एवढे मिस्तरी! खोली तापली की मला कळवेल असं काहीतरी करा ना."

चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यावर त्याने नाही कसं म्हणायचं? शिवाय खरं सांगायचं तर मिस्तरींचे हात शिवशिवतच होते. त्यांनी पत्त्याएवढा एक बोर्ड आणला, लांब वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर जोडला, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. खोली आठ अंशांच्या वर गेली, की बायकोच्या फोनवर ईमेल. मग त्यांनी सेन्सर मुठीत धरून पाहिला. पुढे दुकानात बायकोचा फोन वाजला: "खोली तापली आहे. लगेच पाहा."

बायकोने दोन गिऱ्हाइकांसमोर त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मिस्तरी अगदी फुलून गेले. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे, हे त्यांना कळलं ते जेवणानंतर. डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडे फोन वाजला आणि बायकोची पावलं जवळ येऊ लागली. मिस्तरी रजईसकट मागून पळाले, वळसा घालून पुढच्या दाराने आले आणि साळसूदपणे म्हणाले, "काय गं, काय झालं?"

दुसऱ्या दिवशीही तेच. आपण केलेलं यंत्र एवढं चोख निघावं, याचा त्यांना मनापासून संताप आला.

मग त्यांनी शक्कल लढवली. सेन्सर गुलाबांच्या बादलीत सोडून दिला. पाणी काही हवेसारखं पटकन तापत नाही. फोन गप्प झाला, झोप परत आली. "मशीन लाइनीवर आलं बघ," असंही त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात एका लग्नाची मोठी ऑर्डर आली. सगळा हॉल पांढऱ्या लिलींनी सजवायचा होता. "ही फुलं बिघडली तर दुकानाचं नाव मातीत जाईल," बायको उठता बसता म्हणत होती. कोल्ड रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्तरींनी दुपारी तरीही अंग चोरून जागा केली आणि लिलींमध्ये नाक खुपसून झोपी गेले.

त्यांना जाग आली ती घामाने. मशीनची घरघर थांबली होती. बोर्डावरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता, कारण बादलीतलं पाणी अजून गार होतं. मिस्तरींनी बाहेर जाऊन पाहिलं. फुलांवरचा एक प्लास्टिकचा कागद उडून मशीनच्या पंख्यात गुंडाळला गेला होता. तो काढायचा तर आधी वीज बंद करायला हवी, आणि मेन स्विच होता पुढे दुकानात, बायकोच्या डोक्यावरच्या भिंतीवर.

क्षणभर ते तिथेच घुटमळले. पुढे गेलं तर बिंग फुटणार, न गेलं तर फुलं जाणार. मग त्यांना बायकोची आठवडाभराची धावपळ आठवली आणि ते धावत सुटले.

"अगं, मेन स्विच बंद कर! मशीन अडकलंय!"

बायकोने स्विच बंद केला, त्यांनी मागे धावत जाऊन कागद ओढून काढला, तिने स्विच लावला आणि मशीन पुन्हा घरघरलं. फुलं वाचली. मिस्तरी पुन्हा पुढे आले, तर काउंटरशी लिली पाहायला आलेली नवरीची आई उभी होती आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"ईमेल तर आला नाही," बायको म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी आपला सहज तिकडून..."

नवरीच्या आईने रुमाल पुढे केला. मिस्तरींचं नाक आणि एक गाल लिलींच्या परागांनी केशरी झाले होते. खांद्यावर रजई होती. पायात एकच चप्पल होती.

बायको आत गेली आणि बाहेर आली, तेव्हा तिच्या एका हातात दुसरी चप्पल होती आणि दुसऱ्या हातात ठिबकणारा सेन्सर. मिस्तरींनी मान खाली घातली. पण ती हसत होती, आणि तिच्या रागापेक्षा त्यांना तिच्या हसण्याचा धाक जास्त होता.

"यंत्राला कळलं नाही, तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "तेव्हा उद्यापासून रोज दुपारी तुम्हीच आत झोपायचं. चांगली गादी घालून देते."

मिस्तरींचा कानांवर विश्वास बसेना.

"दार मात्र पक्कं लावायचं. आणि दर दहा मिनिटांनी मला ईमेल करायचा, खोली गार आहे म्हणून. नाही आला, तर मी आत येईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्तरी मऊ गादीवर, गारेगार काळोखात, छातीशी फोन धरून टक्क डोळ्यांनी पडले होते. त्यांनी ईमेल पाठवला. भिंतीपलीकडे फोन वाजला आणि बायकोचा आवाज आला. ती गिऱ्हाइकाला सांगत होती, "नवीन यंत्र बसवलंय आम्ही. एकदम भरवशाचं. डोळ्याला डोळा लागत नाही त्याचा."