उजेडमातेचा कोप

त्या संध्याकाळी प्रताप नगरच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवस मावळला आणि खांबावरचा दिवा आपोआप लागला. ना वायर, ना बटण. बायांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल उंच धरले, आणि भैय्याजी महाराजांनी घुमत घुमत जाहीर केलं की उजेडमाता प्रसन्न झाली. मी मागे उभी राहून दातओठ खात होते. कारण दिव्याखालची ती मूर्ती माता नव्हतीच. ती माझ्या आईच्या कथेतली बायजाबाई होती.

दिवसभर धुणीभांडी करून रस्त्याच्या दिव्याखाली वाचायला शिकणाऱ्या बाईची कथा माझ्या आईनं, कौशल्यानं, लिहिली होती. त्यावरूनच हे शिल्प बागेत बसवलं. बाकावर बसलेली बायजाबाई, मांडीवर आभाळाकडे उघडलेलं पुस्तक, वर दिवा, आणि शेजारी कोणीही बसून वाचावं म्हणून मोकळी जागा. पुस्तकाची पानं म्हणजे सोलरच्या काचा. ऊन घ्यायचं, रात्री उजेड द्यायचा. पाटीवर हे सगळं लिहिलेलं आहे, पण पाटीवर आता कुंकवाचा थर होता.

त्या मोकळ्या जागेवर सरिता बसायची. चार घरची भांडी आटोपून दहावीचा अभ्यास करायची. मग कोणीतरी पुस्तकावर चुनरी चढवली, तिच्यावर हार आले, आणि एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही.

"हे कामवाली मातेच्या मांडीले मांडी लावून बसून राहिली. कोपणार नाही तर काय होईल गा?" भैय्याजी म्हणाले. सरिताला हाकललं. चुनरी आणि हार उतरवून दुधापाण्यानं अभिषेक झाला, आणि महाराजांनी सांगितलं, "उद्या पाहा." दुसऱ्या दिवशी दिवा लागला. त्यानंतर दिवा विझला की कोण्या ना कोण्या बाईचा दोष निघायचा, आणि अभिषेकानंतर नेहमीच 'उद्या'.

एका दुपारी मी रागाच्या भरात चुनरी ओढायला गेले. वर पाहिलं तर भर उन्हात दिवा जळत होता! चुनरी काढली, विझला. टाकली, लागला. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि इतके दिवस नुसती चिडत बसले होते. पानांवर अंधार पडला की दिव्याला रात्र झाली असं वाटतं. चुनरीखाली तो दिवसभर जळायचा, उन्हात कोणाला दिसायचा नाही, आणि संध्याकाळी बॅटरी रिकामी. अभिषेकाला चुनरी उतरली की दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ती पुन्हा भरायची, म्हणून ते 'उद्या'. मग मी पाळत ठेवली. कोपाच्या दिवशी सकाळी जाड चुनरी महाराजांचाच चेला घालून जायचा.

रविवारी दुपारी तिथंच मातेच्या मंदिराचं भूमिपूजन होतं. बायजाबाईवर छत चढलं असतं, तर ऊन कायमचं बंद. मी सरिताला घेऊन गेले.

"बाई, मले मारतीन ते लोक," ती म्हणाली.

"मी आहे न वं सोबत."

तिला पाहताच भैय्याजी गरजले, "हिले काहून आणलं? माता कोपली तर?"

"कोपू द्या. पण आत्ता, सगळ्यांसमोर. उद्या नाही."

सरितानं पिशवीतलं विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि बायजाबाईच्या पुस्तकावर पालथं घातलं. दिवा लागला. उचललं, विझला. गर्दी पुढे सरकली. तिनं पुन्हा घातलं, पुन्हा लागला, आणि पोरगी हसायला लागली.

हा मातेचाच खेळ आहे, असं भैय्याजी पुटपुटले.

"मंग तुमच्या चुनरीनंही लागते का, पाहू द्या न महाराज," गर्दीतले म्हातारे आनंदराव म्हणाले आणि त्यांनी पूजेच्या ताटातली चुनरी स्वतःच टाकली. दिवा लागला. मग बायांची रांग लागली, पण दर्शनाला नव्हे, स्वतः दिवा लावून पाहायला. भैय्याजी केव्हा सटकले, कोणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी मी पाटीवरचं कुंकू खरवडत होते. सरिता तिच्या जागेवर बसून वाचत होती.

'उद्या पाहा' म्हणणाऱ्याला 'आत्ता दाखव' म्हणा. आणि अमक्या बाईमुळे उजेड गेला असं कोणी सांगितलं, तर तिला हाकलण्याआधी पुस्तक कोणी झाकलं ते जाऊन पाहा.